सातशे खोल्यांचं हॉटेल

श्रेणिकनं लॅपटॉप माझ्यापुढं सरकवला आणि म्हणाला, "आई, तूच सांग. मोठं का लहान?"

बाहेर बर्फ साचलं होतं. न्यू जर्सीतल्या त्याच्या घरात आम्ही चौघं जेवणाच्या टेबलाशी बसलो होतो. मी, आमचे हे, आमचा एकुलता एक श्रेणिक आणि सून ऋजुता. नुसती दुपार कलली होती, तरी आमची ताटं वाढून झाली होती. आम्ही जैन, दिवस बुडायच्या आत जेवणारी माणसं, आणि तिथल्या हिवाळ्यात सूर्याला घरी जायची फार घाई असते.

यांना पंचाहत्तरावं लागलं होतं, म्हणून आप्पांना वेस्ट इंडीज दाखवायचं असं श्रेणिकनं ठरवलं होतं. 'कॅरिबियन' हा शब्द त्याचा आणि ऋजुताचा. यांच्या तोंडी कायम वेस्ट इंडीजच. यांनी जयसिंगपूरच्या हायस्कुलात जन्मभर गणित शिकवलं आणि दर रविवारी पांढरा कोट चढवून मैदानावर अंपायर म्हणून उभे राहिले. किंग्स्टन, ब्रिजटाउन, पोर्ट ऑफ स्पेन ही गावं यांना सांगली-मिरजेइतकी ओळखीची होती. सगळी रेडिओच्या खरखरीतून ऐकलेली, पाहिलेलं एकही नाही.

लॅपटॉपवर बार्बाडोस नावाच्या बेटावरची दोन हॉटेलं होती. पहिलं म्हणजे एक गावच होतं. एकासारख्या एक तीन इमारती, सातशे खोल्या, पाच जेवणघरं, आणि पोहायचे तलाव किती ते मी मोजले नाहीत. मनगटावर एकदा त्यांचा पट्टा बांधला की कुठंही बसा, काहीही खा, कुणी काही विचारत नाही. दुसरं होतं जुन्या दगडी घरातलं, फक्त अकरा खोल्यांचं. एक विधवा बाई ते चालवायची. ऋजुताला ते फार आवडलं होतं. तिनं त्याची माहिती मराठीत करून सांगितली. सगळे पाहुणे एकाच लांब टेबलाशी जेवतात, मालकीणबाई स्वतः वाढते, प्रत्येकाला नावानं हाक मारते, आणि रोज संध्याकाळी जेवताना एकेकाला विचारते, आज काय काय पाहिलंत?

"किती छान ना," ऋजुता म्हणाली. "अगदी घरच्यासारखं."

"लहानच घ्या," मी म्हणाले.

मला कुणी कारण विचारलं असतं तर मी जेवणाचं सांगितलं असतं. अकरा खोल्यांची बाई कांदा-बटाटा न घालता आपल्यापुरतं वेगळं शिजवेल, वगैरे. खरं कारण माझ्या शेजारी बसून निवांतपणे आमटी-भात कालवत होतं.

हे विसरायला लागले होते.

आमचं जयसिंगपूर आखीव गाव आहे. पट्टी ठेवून काढल्यासारख्या सरळ गल्ल्या, आणि त्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. पहिली गल्ली, दुसरी गल्ली. आम्ही सातव्या गल्लीत राहतो. आदल्या पावसाळ्यात हे दळण घेऊन गिरणीतून निघाले आणि पाचव्या गल्लीत, आमच्या घराच्या जागी जे घर येतं, त्या घराच्या कट्ट्यावर जाऊन बसले. त्या घरच्या बाईनं सरांना पाणी दिलं, चहा दिला. हे तिला म्हणाले, आमची मंडळी देवळातून येतीलच आता. ती शहाणी बाई काही बोलली नाही. मुलाला पाठवून तिनं मला बोलावून घेतलं.

सांगलीच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि सांगितलं की ही सुरुवात आहे. जुनं शेवटपर्यंत राहील, नवं आधी जाईल. एकटं सोडू नका.

घरी येताना यांनी रिक्षा देवळापाशी थांबवली. आमच्यात नियम घेतात. देवासमोर हात जोडून एखादी गोष्ट ठरावीक मुदतीसाठी सोडायची. कुणी महिनाभर मीठ सोडतं, कुणी चातुर्मासात हिरव्या भाज्या. घेतलेला नियम मोडणं ही आमच्यात साधी गोष्ट नाही. यांनी मला बोलणं सोडायला लावलं. श्रेणिकला यातलं अक्षर सांगायचं नाही, अमेरिकेहून परत येऊन आपल्या उंबऱ्याला पाय लागेपर्यंत.

"एकदा कळलं की तो माझ्याकडं बघणार नाही, कुमुद," हे म्हणाले. "माझ्या आजाराकडं बघेल. एकदा त्याच्याबरोबर बाप म्हणून फिरून येऊ दे. मग सांग काय सांगायचं ते."

मी हात जोडले. जोडताना वाटलं, चार महिने काय, बघता बघता जातील.

आणि आता त्या टेबलाशी बसून मी सातशे दारं बघत होते, सगळी एका रंगाची, नुसत्या नंबरांची. आमच्या गावच्या गल्ल्यांसारखी.

"मोठं घे," हे एकदम म्हणाले.

श्रेणिकनं वर बघितलं. आप्पांनी आवड सांगितली, तीही जास्त खर्चाची, असं त्याच्या आठवणीत कधी झालं नव्हतं. ज्या माणसानं रेल्वेत कधी खिडकीची जागा मागितली नाही, तो म्हणत होता सातशे खोल्यांचं हॉटेल पाहिजे.

"अहो, लहान बरं," मी म्हणाले. "एवढ्या मोठ्यात चालून चालून पाय मोडतील."

"तुझे मोडतील," हे म्हणाले. "मी अंपायर आहे. दिवसभर उभा राहतो."

श्रेणिक खूश होऊन हसला. ऋजुता म्हणाली, आप्पांना पोहायचं असणार, तुम्ही त्यांच्यासाठी चड्डी शिवून ठेवा आई. मी टेबलाखाली यांच्या पायाला पाय लावला. यांनी पाय बाजूला घेतला आणि ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं.

रात्री मी नाना परीनं समजावलं. हे भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. शेवटी एवढंच म्हणाले, "मला मोठंच पाहिजे." का ते सांगितलं नाही. त्या आजारात माणूस हट्टी होतो असं डॉक्टर म्हणाले होते. मी त्याचाच भाग समजले.

मग मी माझी व्यवस्था केली. दुसऱ्या दिवसापासून माझे गुडघे दुखायला लागले.

माझ्या गुडघ्यांना काहीही झालेलं नव्हतं. पण बायको लंगडत असली म्हणजे नवऱ्यानं तिला हात द्यावा लागतो, आणि हात धरलेला माणूस कुठं जात नाही. जिना उतरताना, दुकानात, विमानतळावर, सगळीकडं मी यांच्या दंडाला धरून चालायला लागले. बघणाऱ्याला वाटायचं, म्हातारा किती जपून नेतोय बायकोला. कुठं वळायचं ते मी दंड किंचित दाबून सांगत होते. ऋजुतानं मला मलम आणून दिलं. श्रेणिक म्हणाला, परत आल्यावर चांगल्या डॉक्टरांना दाखवू. यांना माझं सोंग कळलं होतं का, मी सांगू शकत नाही. एकदा मात्र हे श्रेणिकला म्हणाले, "तुझी आई चाळीस वर्षं माझ्यापुढं चालली. आता कुठं बरोबरीनं चालतेय."

बार्बाडोसला उतरलो तेव्हा ऊन असं होतं की जयसिंगपूरचीच आठवण झाली. हॉटेलच्या दारात एका मुलीनं आम्हा चौघांच्या मनगटांवर पिवळे पट्टे बांधले. प्लास्टिकचे, कात्रीशिवाय न निघणारे. मी हात आखडता घेत होते. यांनी आपणहून मनगट पुढं केलं आणि पट्टा बांधून झाल्यावर हात उलटासुलटा करून बघत राहिले, राखी बघावी तसा.

पहिले दोन दिवस बरे गेले. खरं तर बरेच बरे गेले. आमची खोली दुसऱ्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर होती. रोज सकाळी एक तांबडालाल जाडजूड साहेब आमच्याच दाराला आपलं कार्ड लावून खटपट करत उभा असायचा. मी दार उघडलं की तो जीभ चावायचा, सॉरी सॉरी म्हणत निघून जायचा. त्याची खोली पहिल्या इमारतीत होती. हे त्याची वाट बघायला लागले. तो आला की यांना केवढा आनंद व्हायचा. खाली गेलं की निम्मी माणसं जिन्याशी उभी राहून एकमेकांना विचारत असायची, आपली इमारत कुठली. हॉटेलातली पोरं पट्टा बघायची आणि हसून वाट दाखवायची. हे मजेत होते. समुद्राकाठी बसून यांनी वाळूतले बारीक शंख वेचले आणि निवडून सहा खिशात टाकले.

त्या शंखांचं मला बरं वाटलं. अंपायरला ओव्हरचे चेंडू मोजावे लागतात. हे त्यासाठी जन्मभर सहा चिंचोके वापरत आले. प्रत्येक चेंडूला एक चिंचोका उजव्या खिशातून डाव्या खिशात. उजवा खिसा रिकामा झाला की ओव्हर संपली. ते चिंचोके अमेरिकेत उतरताना विमानतळावरच्या साहेबानं काढून घेतले होते, बी-बियाणं आणायला बंदी आहे म्हणून. हे त्याला मराठीत म्हणाले होते, "हे बी नाही हो, ही ओव्हर आहे." तेव्हापासून यांचा हात खिशात जाऊन रिकामा परत यायचा.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही समुद्राकाठी खुर्च्यांवर बसलो होतो. ऋजुता खोलीत होती. तिथली जेवणघरं संध्याकाळी उघडायला आणि सूर्य बुडायला एकच गाठ पडायची, म्हणून आम्ही बरोबर आणलेल्या भडंगावर आणि फळांवर आमचं लवकर भागवत होतो. त्या दिवशी भडंगाची पिशवी वर राहिली होती. मी श्रेणिकला म्हणाले, आप्पांच्या जवळ बस, मी आणते.

"अगं तू कुठं या गुडघ्यांवर जातेस? मी आणतो की."

"तुला सापडणार नाही," मी म्हणाले. "बस इथं. उठू नकोस."

मी पिशवी घेऊन खाली आले तर खुर्ची रिकामी होती. श्रेणिक लांब पाण्यापाशी पाठमोरा उभा राहून फोनवर बोलत होता. त्याच्या ऑफिसचा फोन आला होता. खुर्च्यांवरच्या गलक्यात ऐकू येईना म्हणून चार पावलं सरकला, एवढंच. त्याला कोण काय बोलणार? त्याच्या लेखी खुर्चीत त्याचे वडील बसले होते, दुसरं कुणी नाही.

सूर्य हातभर वर होता. तिकडं तो उतरत नाही, टाकल्यासारखा पडतो.

मी पिशवी टाकली आणि पळत सुटले. पदर खोचला, चपला हातात घेतल्या आणि वाळूतून पळाले. आधी पाण्याच्या कडेनं, कारण सगळ्यात आधी माझ्या मनात पाणीच आलं. मग तलाव. मग पहिली इमारत, तिथून तिसरी. खुर्च्यांवर पहुडलेली माणसं हातात पेले घेऊन या नऊवारी म्हातारीकडं बघत होती. मागून श्रेणिकच्या हाका येत होत्या. शेवटी त्यानं मला गाठलं, दंडाला धरून थांबवलं. धाप त्याला लागली होती.

"आई, तू पळतेयस," तो म्हणाला.

मी दंड सोडवून घेतला.

"तुझे गुडघे?"

देऊळ माझ्या डोळ्यांसमोर आलं, जोडलेले हात आले. आणि त्याच्यापलीकडं तो एवढा मोठा समुद्र.

"माझ्या गुडघ्यांना काही झालेलं नाही," मी म्हणाले. "तुझ्या आप्पांना झालंय."

मग सगळं सांगितलं. पाचवी गल्ली, डॉक्टर, नियम. दम लागत लागत, चालता चालता. ऐकताना त्याचा चेहरा लहानपणी ताप भरल्यावर व्हायचा तसा झाला. शेवटी म्हणाला, "आणि मला आत्ता सांगतेस."

तिसऱ्या इमारतीच्या मागं, जिथं पाहुणे जात नाहीत, तिथं धुण्याचं घर होतं. चादरींचे ढीग, वाफेचा वास. तिकडून आरडाओरडा ऐकू आला म्हणून आम्ही वळलो.

मागच्या मोकळ्या जागेत हॉटेलातली कामाची माणसं क्रिकेट खेळत होती. काम सुटलेली, कुणी स्वयंपाक्याच्या पांढऱ्या टोपीत, कुणी अनवाणी. स्टंप म्हणून दोन्ही टोकांना दुधाच्या पिशव्यांचे असतात तसले प्लास्टिकचे क्रेट उभे केले होते. आणि या टोकाच्या क्रेटमागं, किंचित वाकून, हात पाठीशी बांधून हे उभे होते.

चेंडू बॅट्समनच्या पायावर बसला. दहा-बाराजणांनी एकच गिल्ला केला. यांनी घाई केली नाही. डोळ्यांसमोर चेंडूची वाट पुन्हा एकदा बघितली आणि बोट वर केलं. बॅट्समन वाद घालायला पुढं आला, हे त्याच्याकडं बघेनात. उजव्या खिशातून एक शंख निघाला, डाव्यात गेला. नवा बॅट्समन आला. चेंडू पडला, शंख गेला. पुन्हा पडला, पुन्हा गेला. मग यांनी खणखणीत आवाजात "ओव्हर" म्हटलं, आणि सगळी माणसं मुकाट्यानं जागा बदलून त्या टोकाला गेली.

श्रेणिक माझ्याकडं वळला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो हसत होता.

"आई," तो म्हणाला, "हा माणूस विसरतो?"

त्याला काय सांगणार? ती अंपायरगिरी यांच्या डोक्यात नव्हतीच, हातात होती. डॉक्टर म्हणालेच होते, जुनं शेवटपर्यंत राहील.

तेवढ्यात यांचं लक्ष आमच्याकडं गेलं. चेंडू बॅटला लागलाय की नाही ते हे आवाजावरून ठरवत नसत. बॅट्समनच्या चेहऱ्याकडं बघत. चेहरा खोटं बोलत नाही, म्हणायचे. यांनी श्रेणिकच्या चेहऱ्याकडं बघितलं. चांगलं निरखून बघितलं. मग खिशातले शंख काढून जवळच्या माणसाच्या हातावर ठेवले, त्याला राम राम केल्यासारखा हात केला आणि आमच्याकडं आले. माझ्याकडं बघितलंही नाही.

"दिवस बुडाला की रे," श्रेणिकला म्हणाले. "आज जेवण राहिलं."

त्या रात्री आम्ही दोघंही उपाशी झोपलो.

दुसऱ्या दिवशी आम्ही बेट फिरून आलो. एक गुहा बघितली, एक जुना उसाचा घाणा, आणि ब्रिजटाउनचं मैदान बाहेरून. मैदानाच्या भिंतीला हात लावून हे बराच वेळ उभे राहिले. श्रेणिक दिवसभर यांच्याजवळून हलला नाही. गाडीत चढताना हात धरायचा, पायरी आली की सांगायचा. माझ्यावर त्याचा विश्वास बसला होता आणि नव्हताही. ज्यावर धड विश्वास बसत नाही ते माणूस पुन्हा पुन्हा चाचपून बघतं.

दिवस बुडायच्या आत आम्ही चौघं फळं खायला बसलो. श्रेणिकनं पपईची फोड यांच्या ताटात ठेवली आणि अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "मग आप्पा, आज काय काय पाहिलंत?"

ऋजुतानं मान खाली घातली. तिला सगळं सांगितलेलं होतं हे तेवढ्यावरून कळलं.

यांचा हात ताटावर थांबला. हे समोर बघत राहिले. मी यांच्या दंडाला हात लावणार होते, पण दंड दाबून सांगण्यासारखं ते वळण नव्हतं.

"समुद्र," हे म्हणाले.

"हो, पण समुद्र तर इथंच आहे. आज आपण गाडीनं कुठं गेलो होतो?"

"सगळीकडं समुद्रच होता की," हे म्हणाले आणि पपई खायला लागले.

मी सकाळी लवकर उठते. दुसऱ्या दिवशी उठले तर हे गॅलरीत बसलेले होते. खाली तलावाशी कुणी नव्हतं, एक माणूस खुर्च्या ओळीत लावत होता. मी शेजारी बसले.

"नियम मोडलास," हे म्हणाले.

"मोडला."

"काय सोडणार?"

नियम मोडला की प्रायश्चित्त घ्यावं लागतं. मी रात्रीच ठरवून ठेवलं होतं. "गूळ," मी म्हणाले.

"तुला चहात लागतो."

"लागतो म्हणूनच."

हे बराच वेळ गप्प बसले. त्या दिवसांत हे गप्प झाले की परत येतील की नाही याची भीती वाटायची. पण आले.

"तू लहान हॉटेल का मागत होतीस ते मला तेव्हाच कळलं होतं," हे म्हणाले. "अकरा दारं. मी हरवलो नसतो."

"मग?"

"ती बाई रोज विचारणार होती, आज काय पाहिलंत. नाव घेऊन विचारणार होती. मी काय सांगितलं असतं? सगळं टेबल माझ्या तोंडाकडं बघत बसलं असतं. श्रेणिकपण." यांनी मनगटावरचा पट्टा गोल फिरवला. "इथं कुणी कुणाला विचारत नव्हतं. इथं सगळेच हरवतात, कुमुद. त्या तांबड्या साहेबाला रोज आपलं दार त्याचं वाटतं. त्याला कुणी डॉक्टरकडं नेत नाही. पट्टा बघतात, हसतात, वाट दाखवतात. सातशे खोल्यांत मी एकटा वेडा नव्हतो."

खालचा माणूस खुर्च्या लावून निघून गेला.

"आता इथंही विचारायला लागले," हे म्हणाले.

रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

राहिलेल्या दिवसांत श्रेणिकनं रोज संध्याकाळी तोच प्रश्न विचारला. त्याला वाटायचं, विचारत राहिलं की आठवत राहील. कुठंतरी तसं वाचलंही होतं त्यानं. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, ऋजुतानंही सांगितलं. पण बाप हातातून निसटताना दिसतोय म्हटल्यावर मुलगा जे हाताला येईल ते धरणारच. यांनी रोज एकच उत्तर दिलं. समुद्र. चुकीचं नव्हतं ते. निघताना दारातली मुलगी पट्टे कापायला कात्री घेऊन आली. यांनी हात मागं घेतला. मग मीही कापू दिला नाही.

जयसिंगपूरला आलो. उंबऱ्याला पाय लागला. श्रेणिक दर रविवारी व्हिडिओवर यायचा आणि विचारायचा. आधी विचारायचा, आज काय जेवलात. मग, आज वार कुठला. पुढं पुढं, मी कोण सांगा बघू. हे पडद्याकडं नीट बघायचे, विचार करायचे आणि म्हणायचे, "समुद्र." श्रेणिक हसायचा. फोन मात्र ऋजुता बंद करायची.

वर्षं गेली. यांच्या आठवणीतून आधी विद्यार्थी गेले, मग शेजारी, मग नातेवाईक. शेवटी माझी पाळी आली. एक दिवस सकाळी मी चहा घेऊन गेले तर हे खुर्ची मागं सरकवून उभे राहिले, परक्या बाईसमोर उभं राहावं तसे. माझ्या हातचं खाईनात. अंघोळीला हात लावू देईनात. परकी बाई घरात कशी म्हणून घाबरायचे. तसे चार-आठ दिवस गेले. सोपे नव्हते.

यांच्या मनगटावर तो पट्टा अजून होता. पिवळा रंग उडून मळकट पांढरा झालेला. मी देवघराच्या खणातून माझा काढला. तो मी कधीतरी हात बारीक झाल्यावर सरकवून काढून ठेवला होता. पुन्हा घातला आणि यांच्यासमोर जाऊन बसले.

यांनी माझ्या मनगटाकडं बघितलं. आपल्या मनगटाकडं बघितलं. चेहऱ्यावरची भीती हळूहळू उतरली.

"तुम्हीपण इथंच उतरलाय का?" यांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले.

"फार मोठं आहे हो हॉटेल. खोली सापडत नाही."

"कुणालाच सापडत नाही," मी म्हणाले. "मलाही तिकडंच जायचंय. पण माझे गुडघे दुखतात. जरा हात देता का?"

हे लगबगीनं पुढं झाले आणि यांनी आपला दंड माझ्यापुढं केला. मी तो धरला आणि आम्ही स्वयंपाकघराकडं निघालो. दिवस बुडायला अजून अवकाश होता. यांनी मला काही विचारलं नाही, मी यांना काही विचारलं नाही. उंबऱ्यापाशी हे थांबले, म्हणाले, "सावकाश. पायरी आहे."

मी सावकाशच चालत होते. तोवर माझे गुडघे खरंच दुखायला लागले होते.